हिरव्या टिकल्या

जेवण उरकलं की भाऊजी खुर्ची मागे सरकवायचे, खिशातून काडी काढायचे आणि दात कोरता कोरता विचारायचे, “हं, डॉक्टरीणबाई, आज किती झालं?”

काडीच्या टोकाला जे काही निघे ते आधी नीट निरखायचे, मग ताटाच्या कडेला पुसायचे आणि मग मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायचे. तिला शिसारी यायची. माणसाला दात कोरायचेच असतील तर त्यानं खुशाल कोरावेत, पण दुसऱ्याची झडती घेताना कोरू नयेत, एवढी साधी रीत या घरात कुणाला ठाऊक नव्हती. वहिनी मुकाट्यानं ताटं गोळा करायच्या. नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायचा. भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर. घर त्यांचं, टेबल त्यांचं, आणि गेल्या वर्षभरापासून तिचा दिवससुद्धा त्यांचाच झाला होता.

ती खरीखुरी डॉक्टर होती. लग्न होऊन या परदेशात आली आणि तिची पदवी इथे चालेना. इथे पेशंट तपासायचा तर इथल्या परवान्याची परीक्षा द्यायला हवी, आणि ती तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा आपटलात की दार कायमचं बंद. दोनदा ती आपटली होती. आता शेवटची संधी उरली होती, आणि तोवर ती एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून दुसऱ्या डॉक्टरांची गचाळ अक्षरं लावत होती. पास झाली तर डॉक्टर, नाही तर जन्मभर तेच काउंटर, तोच पांढरा कोट आणि खिशात स्टेथोस्कोपऐवजी गोळ्यांची पट्टी कापायची कात्री.

दुसरा निकाल लागला त्या संध्याकाळी भाऊजींनी निदान केलं. “तुझ्यात हुशारी आहे, प्लॅनिंग नाही.” भाऊजी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंग मॅनेजर होते. झाकणांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सोमवारी जी झाकणं निघाली नाहीत ती मंगळवारी निघालीच पाहिजेत, मंगळवारच्या झाकणांसकट, हा त्यांचा नियम. याच नियमावर ते तीस वर्षं पोसले गेले होते, आणि आता त्याच नियमानं ते तिला मूत्रपिंड आणि यकृत शिकवायला निघाले होते.

तक्ता त्यांनी ऑफिसातून छापून, प्लॅस्टिकचं आवरण चढवून आणला. जेवणाच्या टेबलासमोरची भिंत त्यानं व्यापली. एक दिवस म्हणजे एक खण. खणात विषय. विषय झाला की हिरवी टिकली, राहिला की लाल, आणि लाल टिकलीचा विषय दुसऱ्या दिवशीच्या खणात जाऊन बसायचा. त्या प्लॅस्टिकला नव्या चपलेसारखा उग्र वास यायचा, आणि वर्षभर जेवताना तिनं तोच वास नाकात भरून घेतला. पहिल्या आठवड्यात दुकानात माल मोजायचा होता म्हणून दोन विषय राहिले. ते पुढच्या खणात गेले. पुढच्या खणातले त्यामुळे राहिले, आणि तेही पुढे गेले. बघता बघता एकेका खणात अख्खं हृदय, अर्धी फुप्फुसं आणि बाळंतपणातल्या सगळ्या अडचणी दाटीवाटीनं बसल्या. एवढं तर परीक्षा घेणाऱ्यांच्या बापालाही एका दिवसात झालं नसतं.

“बॅकलॉग वाढतोय,” भाऊजी म्हणायचे. बोटाला थुंकी लावून टिकल्यांच्या कागदावरून लाल टिकली सोडवायचे आणि ती ओलसर टिकली खणावर दाबून बसवायचे. “बॅकलॉग म्हणजे उंदीर. एक सोडला की घर पोखरतो.”

नवरा मान न उचलता म्हणायचा, “दादा सांगतोय ते ऐक ना. अनुभव आहे त्याला.”

तिनं एक दिवस न वाचलेल्या विषयावर हिरवी टिकली लावली. काही झालं नाही. भाऊजी म्हणाले, “वा,” काडी खिशात ठेवली आणि उठून गेले. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं. मग तिनं आणखी एक लावली, आणि मग सवयच झाली. कधी धड्याचं पहिलं पान वाचून लावायची, कधी शेवटचं. आलेल्यागेलेल्या पाहुण्यांना भाऊजी तक्ता दाखवायचे. “बघा, हिरवागार. याला म्हणतात सिस्टिम.” पाहुणे माना डोलवायचे. ती चहाचा ट्रे धरून उभी राहायची आणि तिला स्वतःचीच इतकी किळस यायची की हात स्वच्छ धुऊन यावेसे वाटायचे. डोकं रिकामं आणि भिंत हिरवी. शाळेतल्या पोरांनी गृहपाठात थापा माराव्यात तसला प्रकार होता हा, आणि ती तिशी ओलांडलेली डॉक्टर होती.

एक विषय तर तिनं आजवर कधीच धड वाचला नव्हता. त्वचारोग. पुस्तकात त्याचे पानभर रंगीत फोटो होते: पू, खपल्या, सोलवटलेल्या टाचा, ओठांच्या कोपऱ्यातले चट्टे. कॉलेजात असल्यापासून ते पान उघडलं की ती तोंड फिरवून पुढचा धडा काढायची. दोन्ही खेपांना त्याच प्रश्नांनी तिचा घात केला होता. भाऊजींच्या तक्त्यात तो विषय अगदी शेवटी होता, म्हणून ती निर्धास्त होती. शेवट यायला अवकाश होता. पण हा हा म्हणता शेवट जवळ आला, आणि परीक्षाही.

त्या दिवशी दुपारी काउंटरवर एक बाई आल्या. “आईची साखरेची गोळी दोन दिवस राहिली हो. आज तीन देऊ का एकदम?”

“नको,” ती म्हणाली. “राहिली ती सोडून द्या. आजची आज, उद्याची उद्या.”

“मग राहिलेल्या वाया?”

“गोळ्या डबीतच आहेत, त्या कुठे जात नाहीत. दिवस गेले ते गेले. ते आज पोटात घालता येत नाहीत. एकदम दिल्यात तर आईंना चक्कर येऊन पडतील.”

बाईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या. हे ती रोज कुणा ना कुणाला सांगायची, तोंडपाठ झालं होतं. सांगताना तिला एकदाही घरचा तक्ता आठवला नव्हता. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं, त्याचं सगळं शहाणपण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्यांसाठी असतं.

संध्याकाळी घरी आली तर भाऊजी पाच दिवसांच्या दौऱ्यावरून परतले होते. टेबलापाशी चहा चालला होता आणि त्यांच्यापुढे त्यांची गोळ्यांची डबी होती, वारांचे खण असलेली. भाऊजींना रक्तदाब होता. दौऱ्यावर जाताना डबी घरीच राहिली होती, त्यामुळे खण जसेच्या तसे भरलेले होते. भाऊजींनी खण उघडला, गोळी तळहातावर पाडली. दुसरा खण उघडला. मध्येच बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, ते त्यांनी बोटांनी बाहेर काढलं, आणि ती बोटं चोखली. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. समोरच्या इमारतीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते ती बघत बसली. मागून भाऊजींचा घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज आला आणि डबीची झाकणं टकाटक बंद झाल्याचा. “चला, क्लिअर,” ते म्हणाले.

जेवताना ते जरा गप्पच होते. चेहरा उतरल्यासारखा दिसत होता, पण प्रवासाचा शीण असेल असं वहिनी म्हणाल्या. जेवण झालं. खुर्ची मागे सरकली, काडी निघाली.

“हं, डॉक्टरीणबाई. मी नव्हतो, तेवढ्यात किती बॅकलॉग करून ठेवलास?”

ते तक्त्याकडे जायला उठले. दोन पावलं गेले आणि तक्त्यावर हात टेकून उभे राहिले. तिला वाटलं, वाचतायत. मग त्यांचा हात प्लॅस्टिकवरून खाली घसरत आला, पाठोपाठ ते स्वतः, आणि तक्त्याचा एक कोपरा भिंतीपासून सुटून त्यांच्या अंगावर लोंबला.

वहिनी ओरडल्या. नवरा उठला आणि उभाच राहिला. ती जमिनीवर कधी बसली ते तिलाही कळलं नाही. नाडी मंद, बारीक, बोटाला लागेल न लागेल अशी. अंग गार, घामानं चिंब. तिनं त्यांना सरळ निजवलं, खुर्ची आडवी करून पाय तिच्यावर ठेवले. “अँब्युलन्स बोलव,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझ्याकडे बघू नकोस. फोन कर.” भाऊजींना उमासा आला. तिनं त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून काडी बाहेर काढली, मागोमाग आलेलं सगळं ओंजळीत धरलं आणि बाजूला टाकलं. बाहीवर, मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्यात सगळीकडे ते होतं. रोज त्यांची काडी बघून जिच्या घशाशी यायचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. किळस कुठे गेली कुणास ठाऊक. तिला फक्त नाडी हवी होती.

“वहिनी, गोळ्यांची डबी.”

वहिनींनी आणली. तिनं एकेक खण उघडला. सगळे रिकामे.

“दौऱ्यातल्या गोळ्या कुठायत?”

“अगं, घेतल्या ना मघाशी चहाबरोबर. तुझ्यासमोरच तर घेतल्या,” वहिनी म्हणाल्या. “राहिलेल्या सगळ्या उरकून टाकतो म्हणाले. खण भरलेले दिसले की त्यांना चैन पडत नाही, तुला माहितीये.”

तुझ्यासमोरच. ती समोरच होती, हातभर अंतरावर. पेशंट पाच दिवसांच्या गोळ्या एका घोटात गिळत होता आणि डॉक्टरीणबाई नाक मुरडून खिडकीबाहेर गाडी बघत होत्या. ओलं बिस्किट बघवलं नाही म्हणून. तिच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. पण रडायला वेळ नव्हता, तिनं पुन्हा मनगट धरलं.

अँब्युलन्समधल्या माणसांना तिनं गोळीचं नाव सांगितलं, किती ते सांगितलं, केव्हा ते सांगितलं. हॉस्पिटलात ड्यूटीवरची डॉक्टर तिच्यापेक्षा लहान होती, केस वर बांधलेली, डोळ्यांत झोप. तिनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही मेडिकलमधल्या का?”

“औषधाच्या दुकानात असते,” ती म्हणाली.

“डॉक्टर आहे ती,” नवरा मागून म्हणाला. मग त्यालाच कसंसं झालं असावं, कारण त्यानं हळूच जोडलं, “म्हणजे, परीक्षा व्हायचीय.”

सकाळी भाऊजी शुद्धीवर होते, नुसते शुद्धीवर नव्हे, चांगले बोलत होते. सलाइन चालू होतं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला होता, तो मधूनमधून आपोआप फुगायचा. तीच ड्यूटीवरची डॉक्टर आली, कागद बघितले आणि म्हणाली, “काका, एखादी गोळी राहिली तर ती सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नसते. शरीराला बॅकलॉग कळत नाही.”

“कळलं, कळलं,” भाऊजी म्हणाले. “माझ्या लक्षातच आलं नाही. आता चूक होणार नाही.”

डॉक्टर गेली. भाऊजींनी इकडेतिकडे काडी शोधली, ती मिळेना, तेव्हा करंगळीचं नख दाढेत घातलं. मग तिच्याकडे वळले. “माझ्यामुळे काल तुझा विषय बुडाला ना? हरकत नाही. आज दोन उरक, म्हणजे भरून निघेल.”

तिला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता, काळजीचा होता. त्यांच्या परीनं ती माया होती. डॉक्टरचे शब्द अजून खोलीत होते, आणि या माणसानं ते गोळ्यांपुरते ऐकून बाकी झटकून टाकले होते. आणि मग तिला उमगलं की आपण तरी दुसरं काय केलं. तीच वाक्यं आपण वर्षभर लोकांना वाटत आलो, घरी येऊन लाल टिकल्या गिळत आलो, आणि जास्त झालं तेव्हा ओकायच्याऐवजी हिरव्या लावत आलो. कालपासून गायब झालेली किळस पुन्हा वर आली, आणि या खेपेला ती एकट्या भाऊजींची नव्हती.

“नाही भाऊजी,” ती म्हणाली. “बुडाला तो बुडाला. आज आजचाच करणार.”

“मग परीक्षेत त्यातलाच प्रश्न आला तर?”

“तर चुकेल.”

“अगं, शेवटची संधी आहे तुझी.”

“म्हणूनच.” तिनं खुर्ची जवळ ओढली, कारण हे लांबून बोलायचं नव्हतं. “आणखी एक सांगायचंय. भिंतीवरच्या निम्म्याअधिक हिरव्या टिकल्या खोट्या आहेत. मी न वाचताच लावल्यात.”

भाऊजींचं नख दाढेतच राहिलं. “खोट्या?” त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. “पाहुण्यांना दाखवलं मी सगळं. खोट्या म्हणजे काय?” तेवढ्यात दंडावरचा पट्टा फुगायला लागला, आणि तो फुगत असताना बोलायचं नसतं असं त्यांना बजावलेलं होतं, म्हणून ते गप्प बसले. पट्टा सैल झाला तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि ती निघाली.

घरी नवरा टेबलाशी मोबाइल घेऊन बसला होता. जमीन कुणीतरी पुसली होती, बहुधा त्यानंच, कारण कोपरे राहिले होते. तक्ता एका बाजूनं लोंबत होता. तिनं तो भिंतीवरून काढून टेबलावर पसरला आणि खोट्या टिकल्या नखानं सोडवायला सुरुवात केली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून एकेक नवऱ्याच्या मोबाइलच्या काचेवर चिकटवत गेली.

“अगं, हे काय?”

“न वाचलेले धडे.”

त्याला वाटलं, दोनचार असतील. ती लावतच राहिली. काच भरत आली, तसा तो सरसावून बसला. शेवटी मोबाइलवर काही दिसेनासं झालं, तेव्हा त्यानं तो खाली ठेवला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“एवढे?”

“एवढे.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू कधी मान वर केलीस?”

तो ओशाळला. “मग आता पास कशी होणार?”

“कदाचित नाही होणार. पण जेवढं लिहीन तेवढं मला खरंच येत असेल.” तक्त्यावर उरलेल्या टिकल्या तिनं पाहिल्या. विरळ होत्या, पण खऱ्या होत्या. अगदीच काही येत नव्हतं असं नव्हतं, आणि हे तिला वर्षभरात पहिल्यांदा कळलं.

“चहा करू?” नवऱ्यानं विचारलं.

“कर. आणि जाताना दार लावून घे. कुणी आलं तर सांग, नंतर या.”

तो उठला. दार लावल्याचा आवाज आला, आणि बाहेर तो कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात म्हणाला, “नाही, आज नको, ती वाचतेय.”

तिनं तक्त्यावर आजचा खण शोधला. मागून ढकललेल्या सगळ्या विषयांखाली, तळाला, बारीक अक्षरात आजचा विषय लिहिलेला होता. त्वचारोग. तो आजवर येऊन ठेपलाय हे त्या दाटीत तिला दिसलंच नव्हतं. तिनं बाकीच्यांवर काट मारली, तक्ता गुंडाळून कपाटामागे टाकला आणि पुस्तक काढलं. ते पान लगेच सापडलं, कारण त्यावर ती कधी थांबलीच नसल्यामुळे ते कोरं करकरीत होतं आणि इतर पानांपासून वेगळं उठून दिसत होतं.

पहिलाच फोटो ओठांच्या कोपऱ्यातल्या चट्ट्याचा होता. त्यातून पू येत होता. मान आपोआप खिडकीकडे वळायला लागली. बाहेर काल संध्याकाळचीच गाडी उभी होती, तिनं ती ओळखली आणि मान परत आणली. फोटो घाणेरडा होता. घाणेरडाच होता, त्याला दुसरा शब्द नाही. तिनं पुस्तक आणखी जवळ ओढलं आणि त्यातला पू नेमका कुठून येतोय ते बघायला लागली.